अभ्यासक्रम आणि पुढचे काम यांचे नाते स्पष्ट असेल, तर विद्यार्थी शिक्षण अर्धवट सोडत नाहीत का?

प्रश्न – समाजशास्त्राची प्राध्यापिका

नमस्कार. मी पदवीच्या वर्गांना समाजशास्त्र शिकवते आणि गेली सहा वर्षे प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांची मार्गदर्शक म्हणूनही काम पाहते. पहिल्या सत्राचा निकाल लागला की वर्गातली काही बाके रिकामी दिसू लागतात. हजेरीपटावर नाव असते, विद्यार्थी मात्र येत नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी त्याने प्रवेश रद्द केल्याचे कार्यालयाकडून कळते.

जाणाऱ्या विद्यार्थ्यांशी मी शक्य तेव्हा बोलते. प्रत्येकाची अडचण वेगळी असते, पण एक वाक्य इतक्या जणांकडून ऐकले आहे की आता ते मला पाठ झाले आहे: ‘मॅडम, याचं पुढे काय होणार तेच कळत नाही.’ नर्सिंग आणि लेखाशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना हे वाक्य जवळजवळ कधीच ऐकावे लागत नाही. पदवीनंतर विद्यार्थी कोण होणार, हे तिथे अभ्यासक्रमाच्या नावातच लिहिलेले असते. त्यांच्याकडे पहिल्या वर्षाची गळतीही आमच्यापेक्षा कमी आहे.

यावरून असे म्हणता येईल का, की विषय आणि करिअर यांचा धागा जितका घट्ट, तितके विद्यार्थी टिकतात? की ज्यांचा निश्चय आधीच झालेला असतो तेच असे अभ्यासक्रम निवडतात, आणि आपण श्रेय मात्र अभ्यासक्रमाला देतो? दुसरे असे की, माझ्यासारख्या विषयांत, जिथून एकच ठरावीक वाट निघत नाही, तिथे शिक्षकाने नेमके काय करावे? समाजशास्त्राचे रूपांतर नोकरीच्या प्रशिक्षणात करण्याची माझी इच्छा नाही. पण ‘पुढे काय’ हा प्रश्न क्षुल्लक मानून विद्यार्थ्याला परत पाठवणेही मला पटत नाही.

उत्तर १ – उच्च शिक्षणाचा अभ्यासक

आपली दुसरी शंका रास्त आहे. दोन विभागांच्या गळतीचे आकडे शेजारी ठेवून धाग्याची ताकद मोजता येत नाही. नर्सिंगला येणारी मुलगी बहुधा बरेच आधी मनाशी ठरवून आलेली असते, तर समाजशास्त्राच्या वर्गात आवडीने आलेल्यांच्या बरोबरीने ‘अजून काही ठरलेले नाही’ असे म्हणणारेही बसलेले असतात. शिवाय एक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. व्यावसायिक अभ्यासक्रमांचे वेळापत्रक बांधीव असते. तीच मुले, तेच तास, तीच प्रयोगशाळा असे एकत्र पुढे सरकत राहिल्यामुळे त्यांची आपसांत घट्ट गाठ पडते. व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये विद्यार्थी-गळतीविषयी जी मांडणी केली, तिच्यात ध्येयाशी असलेल्या बांधिलकीबरोबरच विद्यार्थी अभ्यासात किती रुळला आणि तिथल्या माणसांत किती मिसळला, यालाही मोठे स्थान आहे. करिअरचा धागा मुख्यतः ध्येय बळकट करतो. वर्गात ओळखीचे कोणीच नसलेल्या मुलाला तो एकटा धरून ठेवू शकत नाही. त्यामुळे नर्सिंगमधल्या टिकाऊपणाचे काही श्रेय त्या सोबतीला द्यावे लागेल.

आता ‘पुढे काय होणार’ या वाक्याकडे वळतो. लेंट, ब्राउन आणि हॅकेट यांनी १९९४ मध्ये करिअर-विकासाचा जो सिद्धान्त मांडला, त्यात दोन समजुती वेगळ्या काढल्या आहेत. ‘हे मला जमेल’ ही एक आणि ‘हे केल्याने मला हवे ते मिळेल’ ही दुसरी. दोन्ही असल्या की ध्येय टिकते आणि एक जरी ढासळली तरी ते सैल पडते. आपण ज्याला करिअरचा धागा म्हणतो, तो फक्त दुसऱ्या समजुतीला आधार देतो. गळती पहिल्या सत्राच्या निकालानंतर सुरू होते, असे आपणच लिहिले आहे, म्हणून मला पहिल्या समजुतीविषयी अधिक काळजी वाटते. अमेरिकेतल्या बेरिया कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घेतले जात नाही, तरीही तिथून बरेच विद्यार्थी पदवीआधीच बाहेर पडतात. टॉड आणि राल्फ स्टाइनब्रिकनर या संशोधकांनी तिथल्या विद्यार्थ्यांचा सातत्याने मागोवा घेतला, तेव्हा गळतीचे एक मोठे कारण पुढे आले: प्रवेश घेताना विद्यार्थ्यांनी स्वतःच्या गुणांविषयी बाळगलेल्या अपेक्षा प्रत्यक्ष निकालापुढे कोसळतात आणि आपली कुवत किती, याचा ते नव्याने हिशेब मांडतात.

म्हणून माझी विनंती आहे की, हे वाक्य ऐकल्यावर त्या विद्यार्थ्याची गुणपत्रिकाही पाहावी. ‘मला जमत नाही’ असे शिक्षकासमोर म्हणणे फार अवघड असते. ‘याला भविष्य नाही’ असे म्हणताना मान ताठ ठेवता येते. प्रत्येक वेळी असेच असते असा माझा दावा नाही. पण ज्याला शिकवणीची गरज आहे त्याच्या हाती आपण नोकऱ्यांचे माहितीपत्रक ठेवले, तर तो आणखी एकटा पडतो.

उत्तर २ – नर्सिंगची शिक्षिका

आमच्या क्षेत्राचा उल्लेख आला आहे, म्हणून लिहिते. पहिल्या वर्षी आमच्याकडे गळती कमी असते, हे खरे आहे. पण धागा घट्ट असण्याची दुसरी बाजू दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसते आणि ती अधिक क्लेशकारक असते.

एक विद्यार्थिनी मला विसरता येत नाही. शरीररचनाशास्त्रात ती वर्गात पहिली होती. प्रयोगशाळेतल्या पुतळ्यावर ड्रेसिंग करताना तिचे हात इतके सफाईने चालत, की मी इतर मुलींना तिच्याकडे पाहायला सांगत असे. दुसऱ्या वर्षी तिला प्रथमच वॉर्डात पाठवले. अंथरुणाला खिळलेल्या एका वृद्ध रुग्णाची कूस बदलून तिला त्याची पाठ पुसायची होती. काम तिने पूर्ण केले. नंतर मी पाहिले तर ती बेसिनपाशी उभी होती आणि हात केव्हाच स्वच्छ झाले असूनही नळ सोडून ते धूत होती. माझ्याकडे न पाहताच ती म्हणाली, ‘मॅडम, मला हा अभ्यास आवडतो. हे काम नाही आवडत.’ पुढचे सत्र तिने कसेबसे काढले आणि ती गेली. ती दुसऱ्या शाखेत गेली असती तर मला इतके वाईट वाटले नसते, पण तिने शिक्षणच सोडले. आमच्याकडे मिळवलेली क्रेडिट दुसऱ्या अभ्यासक्रमात फारशी धरली जात नव्हती. तिला पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागली असती आणि तितके बळ तिच्यात उरले नव्हते.

नव्याने कामाला लागलेल्या परिचारिकांना शिकवलेले आणि प्रत्यक्षातले काम यांतल्या अंतराचा जो हादरा बसतो, त्याला मार्लीन क्रेमर यांनी १९७४ मध्ये ‘वास्तवाचा धक्का’ म्हटले. माझा अनुभव असा आहे की हा धक्का पदवीपर्यंत थांबत नाही. जिथे विषय म्हणजेच व्यवसाय असतो, तिथे व्यवसाय मनातून उतरला की विषयही हातातून जातो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला एखादे काम नकोसे वाटले, तर त्याची पदवी धोक्यात येत नाही. आपण ज्याला आपल्या विषयाचे उणेपण समजता, ते तिथे विद्यार्थ्याला सावरते.

त्या प्रसंगानंतर आम्ही वॉर्डाची ओळख पहिल्याच सत्रात आणली. विद्यार्थिनी तिथे कोणतीही प्रक्रिया करत नाहीत. एका अनुभवी परिचारिकेबरोबर पूर्ण पाळी काढतात आणि संध्याकाळी आमच्याशी बोलतात. परिणामी पहिल्या वर्षातच काही जणी निघून जातात आणि कागदावर आमचे आकडे पूर्वीपेक्षा वाईट दिसतात. वरिष्ठांना हे समजावताना मला फार कष्ट पडले. पण पहिल्या सत्रात गेलेल्या मुलीला दुसरीकडे नवी सुरुवात करता येते, तिसऱ्या वर्षी गेलेलीला बहुधा येत नाही. शिक्षण आणि प्रत्यक्ष काम आलटून पालटून देण्याची कल्पना काही नवी नाही. हर्मन श्नायडर यांनी सिनसिनाटी विद्यापीठात १९०६ मध्ये अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी अशी पद्धत सुरू केली होती. कामाचे पहिले दर्शन किती लवकर घडवावे, याचा विचार मात्र आजही अनेक ठिकाणी होत नाही.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण दोघांनी जे लिहिले, त्याने माझी प्रश्नाची मांडणीच बदलली. ‘वाईट आकडे’ कधी कधी चांगल्या कामाचे लक्षण असू शकतात, हे मला सुचले नव्हते.

मीही एक प्रयत्न केला होता, तो सांगते. मागच्या वर्षी आम्ही समाजशास्त्राच्या पदवीधरांना करता येण्याजोग्या चाळीस कामांची यादी तयार केली, ती सूचनाफलकावर लावली आणि एक व्याख्यानही ठेवले. सभागृह भरले होते. व्याख्यान संपल्यावर एक मुलगा यादीचा कागद घेऊन माझ्याकडे आला आणि अगदी मनापासून विचारले, ‘मॅडम, यात चाळीस कामं आहेत. पण काल आपण वर्गात कुटुंबरचनेचे प्रकार शिकलो. ते यातल्या कुठल्या कामात लागतं?’ मला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. मी काहीतरी सर्वसाधारण बोलले, त्याने मान डोलावली आणि तो गेला. तो अजून वर्गात येतो, पण त्याचा प्रश्न माझ्याकडे तसाच पडून आहे. यादीमुळे गळतीत काही फरक पडल्याचेही मला दिसले नाही.

उत्तर ३ – इतिहासाची प्राध्यापिका

त्या मुलाने अगदी बरोबर जागी बोट ठेवले. पदवी आणि नोकरी यांच्यातला धागा आपण विद्यार्थ्याला दुरून दाखवतो; त्याला मात्र कालचा तास आणि काम यांच्यातला धागा हवा असतो. पहिला धागा माहितीपत्रकात मावतो. दुसरा ज्याचा त्यालाच विणावा लागतो, आणि हे वाक्य मी केवळ शिक्षकी उत्साहापोटी लिहीत नाही.

ख्रिस हुलेमन आणि ज्युडिथ हॅराकिविझ यांनी २००९ मध्ये शालेय विज्ञानाच्या वर्गांत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. काही विद्यार्थ्यांना शिकलेल्या धड्याचा आपल्या आयुष्याशी काय संबंध आहे ते लिहायला सांगितले, तर इतरांना त्याच धड्याचा सारांश लिहायला सांगितला. ज्यांना स्वतःच्या यशाची फारशी आशा नव्हती, अशा विद्यार्थ्यांमध्ये संबंध लिहिणाऱ्यांची विषयातली गोडी वाढली आणि गुणही सुधारले. पुढे २०१५ मध्ये हॅराकिविझ यांनी एलिझाबेथ कॅनिंग यांच्यासमवेत केलेल्या अभ्यासात आपल्या यादीच्या अनुभवावर थेट प्रकाश पडतो. विषयाचा उपयोग शिक्षकाने आयता सांगितला, तर आत्मविश्वास कमी असलेल्या विद्यार्थ्यांवर त्याचा उलटा परिणाम होऊ शकतो. तोच उपयोग त्यांनी स्वतः शोधला तर मात्र त्यांना बळ मिळते. ज्याला आधीच ‘हे मला जमणार नाही’ असे वाटते, त्याला ‘हे फार महत्त्वाचे आहे’ असे बजावले की त्याच्यावरचे ओझे वाढते, असा मी याचा अर्थ लावते. पहिल्या उत्तरातल्या दोन समजुती इथे एकमेकींना भिडतात.

हे वाचल्यापासून मी दर पंधरवड्याला विद्यार्थ्यांकडून एक पान लिहून घेते. प्रश्न एकच असतो: गेल्या दोन आठवड्यांत वर्गात जे केले, त्यातली कोणती कृती तुमच्या ओळखीचे कोणी माणूस आपल्या कामात करते? ‘ज्ञान’ असे न म्हणता मी मुद्दाम ‘कृती’ म्हणते, कारण ज्ञानाचा उपयोग विचारला की विद्यार्थी मोठमोठी वाक्ये लिहितात. एका विद्यार्थिनीचे पहिले पान एवढेच होते: ‘इतिहासामुळे विचार करण्याची क्षमता वाढते.’ मी ते परत दिले आणि घरातल्या कोणाला तरी विचारून येण्यास सांगितले. त्या पंधरवड्यात आम्ही एकाच पुराची दोन समकालीन वर्णने वाचली होती. ती परस्परविरोधी होती, आणि कोणी कुठे उभे राहून काय पाहिले असेल, याची आम्ही छाननी केली होती. तिची मावशी विमा कंपनीत दावे तपासते. दुसऱ्या पानात तिने लिहिले की, मावशीच्या टेबलावर एकाच अपघाताची दोन निवेदने येतात; मावशी आधी वेळ पाहते, मग लिहिणारा कुठे होता ते पाहते आणि त्याला त्या जागेवरून ते दिसणे शक्य होते का, हे नकाशावर ताडून बघते. खाली एक ओळ होती: ‘हे आपण मंगळवारी केलं होतं.’

त्या मुलीला विमा क्षेत्रात जायचे नाही आणि मीही तिला तसे सुचवलेले नाही. तिला एवढेच कळले की वर्गात जे हात चालतात तेच बाहेरही चालतात. आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नालाही मी याच वाटेने भिडले असते. कुटुंबरचनेचे प्रकार पाठ असण्याचा उपयोग कदाचित थोडाच असेल. पण एका घरात कोण राहते, कोण कोणावर अवलंबून आहे आणि ‘कुटुंब’ म्हणून कोणाला मोजायचे, हे ठरवण्याचे काम जनगणनेचा प्रगणक करतो, रुग्णालयातला समाजसेवा अधिकारी करतो आणि घरांचे आराखडे काढणारासुद्धा करतो. हे उत्तर मी इथे लिहिले खरे, पण त्याला ते तयार देऊ नये.

एक पथ्य मात्र पाळावे. आपल्या विषयांतून एकच सरळ वाट निघत नाही, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगावे. पदवीधर अनेक क्षेत्रांत पांगतात आणि पहिले काम शोधायला त्यांना अधिक वेळ लागू शकतो. हे लपवून त्यांना टिकवून ठेवणे म्हणजे टिकवणे नव्हे.

उत्तर ४ – शिक्षण सोडून पुन्हा परतलेला विद्यार्थी

मी शिक्षक नाही, त्यामुळे थोडक्यात लिहितो. मी लेखाशास्त्राच्या दुसऱ्या वर्षातून बाहेर पडलो आणि चार वर्षांनी परत आलो. पुढे काय होणार याविषयी मला कधीच शंका नव्हती. पदवी झाली की कुठे अर्ज करायचा, हेसुद्धा ठरलेले होते. मी रात्रपाळी करत होतो आणि सकाळच्या पहिल्या तासाला मला झोप आवरत नसे. सलग तीन आठवडे तो तास बुडाला, मग त्या विषयाचे काहीच समजेना, मग त्या वर्गात जायची लाज वाटू लागली आणि हळूहळू सगळेच तास बुडाले. त्या काळात मला कोणी एकदा जरी विचारले असते की तू येत का नाहीस, तर मी बहुधा थांबलो असतो. करिअरचा धागा कितीही घट्ट असो, तो धरायला हात मोकळा असावा लागतो.

उत्तर १ चे लेखक, पुन्हा

या अनुभवाला पुष्टी देणारे एक उदाहरण देतो. न्यू यॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठाने २००७ मध्ये आपल्या दोन वर्षांच्या महाविद्यालयांत ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात करिअर-मार्गदर्शन होते, पण त्याबरोबरच समुपदेशकाशी वारंवार ठरलेली भेट, शिकवणी, उरलेल्या शुल्काची माफी, पाठ्यपुस्तके आणि प्रवासाचा पासही होता. विद्यार्थ्यांची सोडत पद्धतीने विभागणी करून मूल्यमापन झाले, तेव्हा तीन वर्षांत पदवी मिळवणाऱ्यांचे प्रमाण कार्यक्रमातल्या विद्यार्थ्यांत सुमारे ४० टक्के आणि बाहेरच्यांत सुमारे २२ टक्के आढळले. यातल्या करिअर-मार्गदर्शनाचा वाटा वेगळा काढता येत नाही, आणि माझ्या मते तो काढण्याचा अट्टहासही करू नये.

आणखी एक गोष्ट राहून गेली होती. विषय बदलणे आणि शिक्षण सोडणे यांची गल्लत होता कामा नये. अमेरिकेत २०११–१२ मध्ये पदवीला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांनी तीन वर्षांच्या आत मुख्य विषय बदलला, आणि सुरुवातीला गणित निवडलेल्यांत तर हे प्रमाण निम्म्याहून थोडे अधिक होते. विभागाच्या दृष्टीने ही गळती असते, पण विद्यार्थ्याच्या दृष्टीने अनेकदा ती दुरुस्ती असते. आपल्या विभागातून गेलेला विद्यार्थी दुसऱ्या विभागात शिकतो आहे की घरी बसला आहे, हे न पाहता धाग्याविषयी कोणताही निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सुचवल्याप्रमाणे या वर्षी गेलेल्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रिका काल संध्याकाळी काढून पाहिल्या. दोघे-तिघे दुसऱ्या शाखेत रुजू झाले आहेत. त्यांना मी आजवर ‘गमावलेले’ धरत होते. उरलेल्यांपैकी बहुतेकांच्या पत्रिकेत एकाच विषयासमोर नापासाची खूण आहे: सामाजिक संशोधनातले प्राथमिक संख्याशास्त्र. वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आमच्या चाळीस कामांच्या यादीत सर्वाधिक कामांसाठी लागणारे कौशल्य तेच आहे, आणि व्याख्यानात आम्ही नेमका त्यावरच भर दिला होता. ज्या मुलांना ते जमत नव्हते त्यांनी त्या दिवशी सभागृहात बसून काय ऐकले असेल, हे आता मला समजते.

सोमवारी संख्याशास्त्र शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना भेटणार आहे. पहिली चाचणी सहाव्या आठवड्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात, कमी गुणांची आणि लगेच तपासून परत देता येईल अशी घेता येईल का, हे त्यांना विचारायचे आहे. सलग दोन तास न आलेल्या विद्यार्थ्याला त्याच आठवड्यात फोन करण्याचे काम मी स्वतःकडे घेते. पंधरवड्याचे पानही सुरू करेन, आणि पहिले पान त्या कुटुंबरचनेच्या मुलाकडूनच मागेन.

इतिहासाच्या मॅडमना एक विचारायचे आहे: त्या पानाला आपण गुण देता का?

उत्तर ३ च्या लेखिका

नाही. पहिल्या वर्षी दिले होते, तेव्हा सगळ्यांनी मला आवडेल तेच लिहिले. आता फक्त वाचते, परत देते आणि परत देताना खाली एक प्रश्न लिहिते. मावशीच्या पानाखाली मी लिहिले होते: ‘दोन्ही निवेदने खरी असतील, तर मावशी काय करते?’ पुढच्या पंधरवड्यात ती मुलगी सांगण्याआधीच दोन पाने घेऊन आली होती.